इतर हक्कातली माणसे

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांइतका थोर वारसा महाराष्ट्रात फार थोड्या मुलखांना लाभला आहे. तोरणा आणि राजगड आपल्या हद्दीत उभे आहेत. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे इथून माणसे उठली आणि स्वराज्याच्या कामी आली. कान्होजी जेधे, बाजी पासलकर, येसाजी कंक ही नावे आपल्या मुलांना शाळेत जाण्याआधीच पाठ असतात. या वारशातला सगळ्यांत मोलाचा कागद मात्र लढाईचा नाही. तो रांझे गावचा आहे. १६४६ साली शिवाजी महाराजांनी रांझ्याचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर याला एका बाईशी बदअंमल केल्याबद्दल हातपाय तोडण्याची शिक्षा दिली आणि त्याची पाटीलकी काढून घेतली. महाराजांचे वय तेव्हा सोळाच्या आसपास होते. पाटील म्हणजे त्या काळी गावातला राजाच, आणि त्याच्यापुढे एका बाईच्या अब्रूला काही किंमत असते हे तोवर गावांना ठाऊक नव्हते. म्हणून शिवजयंतीच्या प्रत्येक व्याख्यानात आपण हा न्याय सांगतो. त्यात पाटलाचे नाव येते. पाटीलकी पुढे ज्या सोनजी गुजराकडे गेली त्याचेही नाव जाणकार सांगतात. त्या बाईचे नाव मात्र कोणी सांगत नाही, आणि एवढ्या वर्षांत एकाही श्रोत्याने उठून ते विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हे न विचारणे हाच या लेखाचा विषय आहे. कोणाचे नाव कागदावर येते आणि कोणाचे येत नाही, यावर आपल्या समाजाची सगळी उतरंड उभी आहे. जात, वर्ग आणि बाईपण यांवर आपण वेगवेगळी भाषणे करतो, पण आपल्या गावात या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर एकत्र भेटतात. तो कागद म्हणजे सातबारा. गावाच्या नोंदींतली सातबाऱ्याची सगळी पाने एकापुढे एक ठेवून वाचली, तर त्या गावाचा नैतिक इतिहास वाचून होईल. भोगवटादाराच्या रकान्यात कोण आहे, ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणाला ढकलले आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राबूनही दोन्ही रकान्यांत ज्याचा पत्ता नाही असा कोण आहे, हे तिथे स्पष्ट दिसते. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय झाला तेव्हा आपण फटाके उडवले. तालुक्याचे नाव बदलणे आपल्याला जमले. सातबाऱ्यावरची नावे बदलण्याची वेळ आली की आपले हात आखडतात.

सुरुवात आपल्यापासूनच, म्हणजे आज जे खातेदार आहेत त्यांच्यापासून करू. आपली जमीन बापजाद्यांनी तलवारीच्या जोरावर मिळवली असे सांगायला आपल्याला आवडते. पुष्कळ घरांच्या बाबतीत फेरफाराची जुनी वही वेगळी हकिकत सांगते. ८ मार्च १९४८ रोजी पंत सचिवांचे भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी कुळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणाऱ्या कुळाला मालकी मिळण्याची वाट खुली झाली. इनामदाराला, सावकाराला खंड घालणारे आपले आजोबा त्या कायद्याने मालक झाले. हा न्यायच होता, आणि तो कोणी उपकार म्हणून केला नव्हता. कसतो त्याची जमीन, हे तत्त्व राज्याने मान्य केले होते. पण ज्या क्षणी ते तत्त्व आपल्या पदरात पडले त्याच क्षणी आपण ते तिथेच थांबवले. त्याच शेतात रोजाने नांगर धरणारा गडी, वर्षाच्या बोलीवर राहिलेला सालकरी, गुडघाभर चिखलात वाकून भाताची आवणी करणारी बाई यांची नावे कुळाच्या नोंदीत नव्हती. कायद्याने त्यांना पाहिले नाही. कालपर्यंत जे स्वतः दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होते त्या आपण तरी त्यांना पाहायला हवे होते. ज्याने अन्याय सोसला तो पुढे न्यायाने वागेलच, अशी खात्री इतिहास देत नाही. आपल्या दोन तालुक्यांनी ती मुळीच दिली नाही.

गावकुसाबाहेरच्या वस्तीची गोष्ट याहून जुनी आहे. महार वतन या नावाने जी थोडीशी जमीन त्या माणसांकडे होती ती मालकीची नव्हती, ते वेठीचे वेतन होते. सरकारी टपाल पोचवणे, साहेबाच्या पुढे धावणे, मेलेले जनावर ओढणे, रात्री-अपरात्री हाकेला उभे राहणे, आणि हे काम घरातल्या एकाने नाकारले तर सगळ्या घराचा तुकडा जाणे, असा तो करार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले, कारण ही जमीन म्हणजे माणसाला बांधून ठेवणारा दोर आहे हे त्यांनी ओळखले होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली. जमीन परत मिळवायला ठरावीक रक्कम भरावी लागे, आणि परत मिळाली ती नव्या शर्तीने, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी. नंतर पुणे वाढत वाढत खेड-शिवापूर, नसरापूर, कापूरहोळपर्यंत आले आणि डोंगराच्या उतारालाही गुंठ्याचा भाव लागला. तेव्हा या शर्तीच्या जमिनींभोवती घिरट्या घालणारे बाहेरून आले, हे खरे आहे. पण कोणत्या घरात आजारपण आहे, कोणाच्या मुलीचे लग्न अडले आहे, कोणाचा वारसांचा वाद मिटत नाही, ही खबर त्यांना कोणी दिली? मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर साक्षीदार म्हणून कोणी सह्या केल्या? त्या सह्या गावातल्याच माणसांच्या आहेत.

आणि ज्यांच्याकडे शर्तीची जमीनसुद्धा नाही, ते कातकरी. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटांत धरल्या आहेत, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्या जोडीला कातकरी आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणे हा त्यांचा पिढीजात धंदा होता. इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगल राखीव केले आणि धंदा बुडाला. पुढे जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत त्यांनाही बसवले गेले. गुन्हेगार जमातींचा तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी गावात कोंबडी नाहीशी झाली की आजही पहिली पावले कातकरवाडीकडे वळतात. त्यांची घरे कुठे असतात ते आठवून पाहा. ओढ्याच्या काठावर, वनखात्याच्या हद्दीवर, नाहीतर एखाद्या खातेदाराच्या पड जमिनीवर. तीस-चाळीस वर्षे झोपडी तिथेच असते, तिथेच मुले जन्मतात, तिथेच म्हातारे मरतात, पण झोपडीखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर असते. मालक जमीन विकतो. नवा मालक तारेचे कुंपण घालतो. एका सकाळी पाणवठ्याची वाट बंद झालेली असते. सरकार घरकुल मंजूर करते, पण ते बांधायला जागा लागते आणि जागा नसते. जमातीचा दाखला काढायला जावे तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याच्या आजोबांना आपण शाळेत बसू दिले नाही, ज्याचे नाव जमिनीच्या एकाही कागदावर येऊ दिले नाही, त्याने हा पुरावा कुठून आणावा? आपणच त्यांना कागदापासून दूर ठेवले, आणि आता कागद नाही म्हणून ते बाहेरचे ठरतात.

दिवाळी सरली की कातकरवाडी ओस पडू लागते. वीटभट्टीच्या किंवा कोळसाभट्टीच्या मुकादमाने पावसाळ्यात, चूल थंड असताना, उचल दिलेली असते. ती फेडायला नवरा, बायको आणि मुले मिळून जातात. चिखल तुडवायला नवरा, थापायला बायको, कच्च्या विटा पालट्या करायला आठ-दहा वर्षांचे पोर. हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि ती वही वाचता येणारा त्या कुटुंबात कोणी नसतो. पावसाच्या तोंडावर ते परत येतात तेव्हा बहुधा काही रक्कम फिटायची राहिलेलीच असते, आणि पुढच्या हंगामाची बोली तिथेच ठरते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. आपण मात्र या व्यवहाराला कामाची उचल म्हणतो आणि निर्धास्त राहतो. शाळेच्या हजेरीपटावर त्या पोराच्या नावापुढे नोव्हेंबरपासून गैरहजेरी लागत जाते. मग त्याच्या शिक्षकापासून ते पारावर बसणाऱ्यांपर्यंत सगळे एकच वाक्य बोलतात: या लोकांना शिकायचेच नसते. हे वाक्य मीही लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते इतक्या सहजपणे बोलले जाते की त्यात काही क्रूर आहे असे बोलणाऱ्याला वाटत नाही. अन्यायाला फार मोठ्या रागाची गरज लागत नाही. त्याचे काम एका सवयीच्या वाक्यावर भागते.

इथपर्यंत वाचताना कोणाला वाटेल की हे परक्या वस्तीचे झाले, आमच्या घरात असे काही नाही. म्हणून आता घरात येऊ. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर एक दिवस उभे राहून पाहावे. जीप थांबते. मागच्या बाजूने दोन-तीन बहिणी उतरतात, कोणी पन्नाशीची, कोणी साठीची, एखादी विधवा. भावाने येताना साडी-चोळी घेतलेली असते. पुढे भाऊ, त्याचा मुलगा आणि ज्याने जमिनीचा व्यवहार जुळवला तो एजंट. वकिलाने हक्कसोडपत्र तयार ठेवलेले असते. ते बहिणींना कोणी वाचून दाखवत नाही. आत त्यांचा अंगठा यंत्रावर टेकवला जातो, कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला जातो. अंगठ्याच्या रेघा शेतात घासून गेल्या असल्या तर तो पुन्हा पुन्हा टेकवावा लागतो. राजीखुशीने देता ना, असे विचारले की मान हलते. बाहेर आल्यावर चहा होतो आणि जीप त्यांना त्यांच्या सासरच्या फाट्यावर सोडते. त्या जमिनीचे पुढे प्लॉट पडतात, शहरातल्या माणसाचा बंगला उभा राहतो आणि भावाच्या दारात गाडी येते. बहिणीच्या वाट्याला साडी आली. तीही ती जपून ठेवते, कारण माहेरून आलेली आहे.

या बहिणीचा हक्क कायद्याने केव्हाच मान्य केला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. २००५ साली तो देशभर लागू झाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००५ चा बदल लागू झाला तेव्हा बाप हयात होता की नाही हा प्रश्नही निकालात काढला. कायद्याचे काम झाले. उरले ते आपले. आणि आपण काय केले? वारस नोंदीच्या वेळी भावांची नावे भोगवटादारात आणि बहिणींची ‘इतर हक्कात’ लावण्याची जुनी रीत शक्य तिथे चालू ठेवली. तेही जमेना, तेव्हा हक्कसोडपत्र हाताशी आलेच. बहीण म्हणाली की माझे नाव राहू द्या, तर तिला कोणी मारत नाही. तिला एवढेच कळवले जाते की मग माहेर तुटले. भाऊबीजेला बोलावणे येणार नाही, लेकीच्या लग्नात मामा उभा राहणार नाही, नवऱ्याने टाकले तर परतायला उंबरा नसेल. ज्या बाईला सासरी स्वतःचे म्हणून काही नसते तिच्यासाठी माहेर हा एकच आधार असतो. तोच आधार पणाला लावून आपण तिची सही घेतो आणि मग तिला म्हणतो, हे तू प्रेमाने दिलेस. प्रेमाची एवढी विटंबना कोणत्या शत्रूने केली नसती.

सासरची गत पाहावी. या खोऱ्यांतला पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबई-पुण्याला गेला. कोणी गोदीत, कोणी गिरणीत, कोणी माथाडी झाला, आज कोणी कंपनीत कंत्राटावर आहे. मागे शेती बाईने सांभाळली. राब भाजणे, रोप टाकणे, आवणी, बेणणी, कापणी, झोडणी, गुरे, वैरण, उन्हाळ्यात लांबून पाणी, सगळे तिने केले. पण शेतकरी कोण, असे सरकारने विचारले की उत्तर सातबारा देतो. पीककर्ज त्याच्या नावावर, पीकविमा त्याच्या नावावर, शेतकरी सन्मानाचे वर्षाचे सहा हजार रुपये त्याच्या खात्यात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत साऱ्या देशात बाईच्या नावावरची वहिती खाती शंभरात जेमतेम चौदा निघाली. तिला वेगळी मजुरी विचारण्याची तर सोयच नाही. दुसऱ्याच्या शेतात गेली तरी पुरुषाच्या रोजात आणि तिच्या रोजात फरक असतो, आणि समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला हे रोज देणाऱ्याला आठवत नाही. नवरा गेला की त्याच आठवड्यात दीर आणि पुतणे वारस नोंदीचे बोलू लागतात. कातकरी बाईच्या वाट्याला तर हे सारे एकत्र येते. ती बाई म्हणून कमी मजुरीची, कातकरी म्हणून संशयाची आणि भूमिहीन म्हणून उचलीत अडकलेली. तिच्यासारखीचे दुःख कोणत्या खात्यावर मांडायचे, हे ठरवणारी समिती अजून नेमली गेलेली नाही.

आपल्यावरही अन्याय झालाच आहे, तो मी विसरलेलो नाही. वेळवंडीवरचे भाटघर धरण १९२८ साली पुरे झाले आणि निरेच्या कालव्यांनी ते पाणी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला नेले. पुढे पानशेत, वरसगाव झाले, ज्यांच्यावर पुणे शहर तहान भागवते. नीरा देवघर झाले, गुंजवणी झाले. आपली भातखाचरे, आपली देवळे पाण्याखाली गेली. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आपण आपल्यासाठीच वापरतो, आणि ते रास्त आहे. पण तो अन्याय पुढे कसा वाटला गेला तेही पाहिले पाहिजे. मोबदला खातेदाराला मिळाला. प्रकल्पग्रस्ताचा दाखला खातेदाराच्या घराला मिळाला. त्याच बुडालेल्या जमिनीवर मजुरी करणारा, त्याच नदीत मासे धरून पोट भरणारा, तिच्या काठाला झोपडी असलेला माणूस कागदावर नव्हता म्हणून तो बुडालाच नाही असे धरले गेले. शहराने आपल्याला जसे वागवले तसेच आपण त्याला वागवले. आणि धरणाच्या काठावरून उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन चढणारी कोण असते, हे मी कोणाला सांगायला नको.

आपल्या मुलखाने एकेकाळी जगाकडे डोळे उघडून पाहिले होते. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्याग केला होता. त्यांच्या सोबतीने १८४८ सालापासून मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई निरेच्या पलीकडल्या नायगावच्या. त्यानंतर पंडिता रमाबाई अमेरिकेत राहून आल्या आणि १८८९ साली तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. तिथल्या बायकांच्या संघटनशक्तीचे त्यांनी मनापासून कौतुक केले, आणि काळ्या माणसाचा तिरस्कार करणाऱ्या त्याच समाजाला बोल लावायलाही त्या कचरल्या नाहीत. जोतीराव आणि रमाबाई या दोघांनी परदेशाचा उपयोग आरशासारखा केला. त्या देशाचा पुढचा इतिहास आपल्याला तर फारच जवळचा आहे. १८६५ साली तिथे गुलामगिरी कायद्याने संपली. मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर जमीन देण्याचा लष्करी हुकूम त्याच वर्षी निघाला आणि त्याच वर्षी अध्यक्षांनी तो फिरवला. जमीन जुन्या मालकांकडे परत गेली आणि कालचा गुलाम त्याच शेतात वाटेकरी म्हणून, त्याच मालकाच्या वहीत कर्जदार म्हणून उभा राहिला. पुढच्या शतकात, १९३०च्या दशकात, शहरांचे नकाशे काढून काळ्यांच्या वस्त्यांभोवती लाल रेघ मारली गेली, म्हणजे तिथल्या घरांना कर्ज मिळू नये. काळ्या बाईला या सगळ्याच्या जोडीला बाईपणाचाही भार होता. माणसाला मोकळे केले पण जमिनीच्या कागदावर येऊ दिले नाही, तर ते मोकळे होणे कुठे येऊन थांबते, याचा हा धडा आहे.

मे २०२० मध्ये मिनियापोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड गुदमरून मेला तेव्हा आपल्याही घराघरांत मोबाइलवर ते दृश्य पाहून माणसे हळहळली. ती हळहळ खोटी नव्हती. पण आपल्या वाडीच्या कुंपणापाशी ती पोचली नाही. याला कारण आपला दुष्टपणा नव्हे. दुष्ट माणसे थोडी असतात, आणि त्यांच्याशी लढणे तुलनेने सोपे असते. कारण आहे वारशाने आलेले आंधळेपण. जे आपण जन्मापासून पाहिले ते आपल्याला दिसत नाही. वस्ती ओढ्याकाठीच असते, बहीण सही देतेच, बाईला रोज कमीच असतो, हे आपल्याला पावसासारखे निसर्गाचे वाटते. हे आंधळेपण समुद्र ओलांडूनही सुटले नाही. आपल्या देशातून शिकलेली माणसे अमेरिकेत गेली तेव्हा जात सामानातून घेऊन गेली, आणि २०२३ साली सिॲटल शहराला जातिभेदाला मनाई करणारा कायदा करावा लागला. ज्या देशाच्या वर्णभेदावर आपण बोट ठेवतो त्या देशातल्या एका शहराला आपल्या जातीविरुद्ध कायदा लिहावा लागावा, याहून मोठा आरोप आपल्यावर कोणी ठेवायला हवा?

यावर जे बोलले जाते ते मला ठाऊक आहे. बहिणींच्या लग्नात हुंडा-मानपान दिला, तोच त्यांचा वाटा. पण हुंडा घेणे आणि देणे १९६१ पासून गुन्हा आहे, आणि जे गेले ते तिच्या सासऱ्याच्या घरात गेले, तिच्या नावावर नाही. भावाने म्हाताऱ्या आईबापांना सांभाळले, म्हणून जमीन त्याची. सांभाळले ते बहुधा त्याच्या बायकोने, आणि तिचेही नाव सातबाऱ्यावर नाही. कातकरी एका जागी टिकत नाहीत. ज्याच्या पायाखालची जागा कधीही काढून घेता येते तो टिकणार कसा? जमिनीचे तुकडे होतील. चार भावांत तुकडे करताना ही चिंता कोणाला पडली नव्हती. या युक्तिवादांत एकही असा नाही जो आपण स्वतःच्या वाट्याविरुद्ध मान्य केला असता. एवढ्यावरूनच त्यांची पारख व्हावी.

आणि बदल होत नाही असे म्हणण्याचा अधिकार मराठी माणसाला नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचा प्रचंड मेळावा भरला, त्यातून पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ साली सरकारने परिपत्रक काढून ती वाट सरकारी दप्तरातही सोपी केली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवेचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. हेरवाडची माणसे आपल्यासारखीच शेतकरी आहेत. तिथे कोणी अवतारी पुरुष आला नव्हता. एका ग्रामसभेने हात वर केले, एवढेच झाले.

आपल्यापुढचे कामही तितकेच सरळ आहे. पुढच्या ग्रामसभेत आपल्या हद्दीतल्या कातकरवाडीखालची जमीन कोणाची, हा प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या आणि ती जागा त्यांच्या घरांसाठी गावठाणात घेण्याचा ठराव करा. वनहक्काचा दावा बाकी असेल तर वनहक्क समितीत बसणारे आपणच आहोत, तो पुढे न्या. दाखल्यासाठी जुन्या वास्तव्याची साक्ष लागते, ती देणारे म्हातारे आपल्याच घरांत आहेत, त्यांना तहसीलला घेऊन जा. भट्टीवर पोर जाणार असेल तर उचल फेडायची सोय गावाने करावी. आवणीला बाईला पुरुषाइतका रोज द्या. बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावा. आणि वडील गेल्यावर वारस नोंद करताना बहिणीचे नाव भोगवटादाराच्या रकान्यात, आपल्या नावाखाली, कोणी न मागता लिहून या. ज्या भावाने आजवर हक्कसोडपत्र घेतले आहे त्याच्याही हातून बक्षीसपत्राने तिचा वाटा परत देणे होऊ शकते. रांझ्याच्या पाटलाला शिक्षा देणारा राजा आपल्या मातीत झाला, हे आपण पोरांना सांगतो. त्या राजाचे नाव घेण्याचा हक्क आपल्याला तेव्हाच राहील, जेव्हा आपल्या गावच्या नोंदींत प्रत्येक बहिणीचे आणि ओढ्याकाठच्या प्रत्येक घराचे नाव असेल. तोवर आपण त्या पाटलाचेच वारस आहोत.